ऑपरेशननंतर चोविसाव्या दिवशी काढलेला पेट स्कॅन: चमकतंय ते नक्की काय?

कृष्णाकाठ | ३ मार्च, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचत असतो. आज लिहायची वेळ आली. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचे अण्णा, वय ६१. तंबाखू-चुना पस्तीस वर्षं. उजव्या गालाच्या आतून कॅन्सर निघाला आणि ६ फेब्रुवारीला ऑपरेशन झालं. गालाचा भाग, खालच्या जबड्याची कड आणि मानेतल्या उजवीकडच्या लसिकागाठी (लिम्फ नोड) काढल्या. मोकळ्या जागी छातीवरचं मांस कातडीसकट वळवून बसवलंय. त्याला फ्लॅप म्हणतात, आता आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही हा शब्द येतो. काढलेल्या भागाचा रिपोर्ट तसा बरा आला. कडा साफ, सगळ्यात जवळची कडसुद्धा रोगापासून ८ मिमी लांब. ३८ गाठी तपासल्या, त्यातल्या २ मध्ये रोग. म्हणून रेडिएशनच्या ३० बैठका घ्यायच्या, आणि त्या ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू झाल्याच पाहिजेत असं सर्जननी बजावलंय.

आता माती कुठे खाल्ली ते सांगतो. दाजी पुण्याला असतात, त्यांच्या ऑफिसात कुणीतरी सांगितलं की रेडिएशनआधी फुल बॉडी पेट काढून टाका, मन शांत होतं. सर्जनना विचारलंच नाही. ओळखीच्या एका डॉक्टरांची चिठ्ठी घेतली, २ मार्चला स्कॅन काढला, आज रिपोर्ट हातात आला. "फ्लॅपच्या खालच्या कडेला एफडीजी ॲव्हिड सॉफ्ट टिश्यू थिकनिंग, एसयूव्ही मॅक्स ६.८. डाव्या मानेत ९ मिमीची गाठ, एसयूव्ही ३.४. रेसिड्युअल डिसीज नाकारता येत नाही." म्हणजे फ्लॅपच्या कडेचा जाडसर भाग आणि डाव्या मानेतली गाठ चमकतेय, आणि रोग उरलाच नाही असं सांगता येत नाही. एसयूव्ही म्हणजे किती चमकतंय त्याचा आकडा.

मन शांत झालं म्हणायचं! आई संध्याकाळपासून देवासमोरून उठलेली नाही. अण्णांना काही सांगितलेलं नाही, पण नाकात नळी घालून पडलेल्या माणसाला दुसरं काम नसतं, तो घरातल्यांचे चेहरे वाचत बसतो.

कडा साफ असताना चोवीस दिवसांत परत उगवतो का हा आजार? सर्जनची वेळ ६ तारखेची मिळालीय. तोवर झोप लागणार नाही म्हणून लिहिलं.

तिरफळ | ४ मार्च, सकाळी ६:१५

धीर धरा. "नाकारता येत नाही" आणि "आहे" यात पणजी ते पेडणे एवढं अंतर असतं. जाणकार येतीलच.

शिसपेटी | ४ मार्च, सकाळी ८:४०

मी पेट विभागात टेक्नॉलॉजिस्ट आहे, डॉक्टर नाही. रिपोर्ट वाचणं माझं काम नाही. पण हा स्कॅन नेमकं काय बघतो ते सांगू शकतो, कारण दिवसाला दहा-बारा माणसं माझ्या हाताखालून जातात.

शिरेतून जे टोचतो ते एफडीजी. साखरच, फक्त तिला फ्लोरीन-१८ हा किरणोत्सारी अणू चिकटवलेला. साधारण ११० मिनिटांत त्याचा जोर निम्मा होतो, म्हणून आमची सगळी धावपळ घड्याळाशी. पेशी तिला साखर समजून आत ओढते, पहिली प्रक्रिया करते आणि मग तिला पुढे मोडता येत नाही, बाहेरही टाकता येत नाही. अडकून बसते. जिथे अडकली तिथे ठिपका चमकतो.

आता साखरेची भूक कुणाला? कॅन्सरच्या पेशीला असतेच. मेंदूला असते, तो तर प्रत्येक माणसाचा दिव्यासारखा लखलखतो. आणि भरत आलेल्या जखमेलाही असते. तिथे जमलेल्या पांढऱ्या पेशी, मेलेलं मांस गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी, नवं मांस विणणाऱ्या पेशी, सगळ्या वखवखलेल्या. यंत्राला भूक दिसते, कोण जेवतंय ते दिसत नाही.

म्हणूनच ऑपरेशन झालं असेल तर निदान सहा आठवडे थांबतात आणि रेडिएशननंतर बारा आठवडे. तुमचा स्कॅन चोविसाव्या दिवशीचा. फ्लॅपची कड, जबडा कापल्याची जागा, टाके, नळ्या निघाल्याची भोकं, हे सगळं ऐन भरात असण्याचे ते दिवस.

एक विचारू? फॉर्मवर ऑपरेशनची तारीख भरली होती का? आमच्याकडे तो रकाना असतो. निम्मे लोक कोरा सोडतात नाहीतर नुसतं "झालंय" लिहितात.

कृष्णाकाठ | ४ मार्च, सकाळी ९:०५

फॉर्म दाजींनी भरला. आत्ताच फोन केला. म्हणाले, "तारीख आठवली नाही रे, फेब्रुवारी लिहिलं की काय ते लक्षात नाही." रिपोर्टमध्ये नुसतं "ऑपरेटेड केस" एवढंच आहे. किती दिवसांपूर्वी, काही नाही.

ओवी | ४ मार्च, दुपारी १:३०

कृष्णाकाठ, तुमची अवस्था अगदी समजते. माझं वेगळं प्रकरण, पण जातकुळी तीच.

माझं डाव्या स्तनातली गाठ काढायचं ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. दीड वर्षाने आंघोळ करताना जुन्या व्रणाखाली खडा लागला. हरभऱ्याएवढा, टणक, हलेना. मॅमोग्राफीत त्याच्या कडा काटेरी दिसल्या, कातडी आत ओढलेली, आणि रिपोर्टवर बायरॅड्स ४, म्हणजे संशयास्पद, बायॉप्सी करा. पहिल्या वेळी नेमकं हेच वर्णन होतं! मी रिक्षात बसून घरी येईपर्यंत मनातल्या मनात मुलीचं लग्न उरकलं होतं. (मुलगी तेव्हा सातवीत.)

सुईने बायॉप्सी केली. ती सुई सुटते ना, तिचा आवाज जाड कागदाला स्टेपलर मारावा तसा येतो. चारदा खट्ट झालं. सहा दिवसांनी निकाल: फॅट नेक्रोसिस. म्हणजे ऑपरेशनमध्ये दुखावलेली चरबी मरते, तिचं तेल होतं, शरीर त्या तेलाभोवती कुंपण घालतं, मग ते कुंपण आकसतं, त्यात चुना साठतो. शल्यविशारद बाई म्हणाल्या, चरबीचं मढं आहे, पुरायला वेळ लागतोय. हे महिन्यांनीच नाही, वर्षांनीही डोकं वर काढतं. पेटमध्येही ते चमकू शकतं म्हणे.

आता पाच वर्षं झाली. खडा आहे तिथेच आहे. दर वर्षी नव्या तंत्रज्ञ मुलीला मीच आधी सांगते, "बाई गं, घाबरू नकोस, हा जुना भाडेकरू आहे."

निसर्गपुत्र | ४ मार्च, दुपारी ३:१०

सगळा स्कॅनचा धंदा आहे. शिसपेटी यांनीच कबूल केलं की कॅन्सर साखर खातो. मग वडिलांची साखर, भात, फळं आजपासून बंद करा, उपाशी मरेल तो. आणि बायॉप्सीला हात लावू देऊ नका, सुई लागली की पसरतो.

काचपट्टी | ४ मार्च, संध्याकाळी ७:२५

निवृत्त पॅथॉलॉजिस्ट. ३४ वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काढली, म्हणून वरच्या प्रतिसादावर गप्प बसवत नाही.

कॅन्सरच्या पेशी भरमसाट साखर वापरतात हे ऑटो वारबुर्गने १९२० च्या दशकात दाखवलं. पेट त्याच पायावर उभा आहे. (त्याला १९३१ चं नोबेल त्यासाठी मिळालं असं फिरत असतं. ते श्वसनाच्या एन्झाइमवरच्या कामासाठी होतं.) पण तोंडाने साखर बंद केली म्हणून रक्तातली साखर शून्य होत नाही. यकृत ती बनवतं, नाही पुरली तर स्नायू मोडून बनवतं. नळीवर असलेल्या, वजन घटलेल्या माणसाची पेज काढून घेतली तर उपाशी कॅन्सर मरत नाही, माणूस खंगतो आणि जखम भरायची थांबते. कृष्णाकाठ, असलं काही करू नका.

आणि सुईने पसरतो ही भीती. काही मोजक्या अवयवांत आम्ही सुईबद्दल सावध असतो हे खरं, पण मानेतल्या गाठीत बारीक सुई घालणं हे रोजचं काम. संशयावर माणसाला जाळत ठेवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

आता मूळ मुद्दा. भरत्या जखमेचा तुकडा काचपट्टीवर कसा दिसतो? केशवाहिन्यांचं रान माजलेलं, त्यात पेशींची गर्दी. मधूनच टाक्याच्या दोऱ्याभोवती मोठाल्या पेशी घोळका करून बसलेल्या, एकेकीत दहा-वीस केंद्रकं. शरीराला तो दोरा परका, ते त्याला खायला बघतं. ध्रुवित प्रकाशात बघितलं की दोऱ्याचे धागे चांदीच्या जरीसारखे चकाकतात, आम्ही विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवायचो. असल्या टाक्याच्या गाठीला पुन्हा उगवलेला कॅन्सर समजून पाठवलेले तुकडे मी कितीतरी पाहिले आहेत. त्यात भर म्हणजे आपल्याकडे टीबी. मानेतली किंवा छातीतली टीबीची गाठ पेटमध्ये कॅन्सरइतकीच उजळते.

६.८ या आकड्याला चिकटून बसू नका. अमुक आकड्यावर कॅन्सर, अमुकखाली नाही, अशी रेघ नाही. जखमेत पू असेल तर तो याहून वर जातो.

वऱ्हाडी_ठेचा | ४ मार्च, रात्री १०:०२

सगळे धीर देऊन राह्यले, चांगलं आहे. पण माझ्या मोठ्या भावाचं सांगतो, रागावू नका.

गुदाशयाचा कॅन्सर, ऑपरेशन झालं. सहा महिन्यांनी सीटीत माकडहाडाच्या पुढे जाडसर भाग दिसला. सांगितलं, ऑपरेशनचा व्रण आहे, तिथे असा नेहमी दिसतो. खरंच नेहमी दिसतो, तेही खोटं नाही. आम्ही खुश. पुढल्या वेळी तो थोडा मोठा. पुन्हा व्रणच. रक्तातला सीईए, म्हणजे कॅन्सर परतला की वाढू शकतो तो घटक, ४ वरून ९ झाला, मग १७. तिसऱ्या स्कॅनच्या वेळी एका तरुण डॉक्टरने तिन्ही सीडी शेजारी-शेजारी लावल्या आणि म्हणाला, व्रण आकसत जातो, हा वाढतोय. सुई घातली, रोग निघाला. पाच महिने गेले ते गेलेच. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, घेऊन उपयोग नाही.

म्हणून "जखमच असेल" म्हणून घरी जाऊ नका. जखम आहे हे कोणीतरी हात लावून, सुई घालून, नाहीतर ठरलेल्या तारखेला पुन्हा बघून सिद्ध करू द्या.

काचपट्टी | ४ मार्च, रात्री १०:३१

ठेचासाहेब, या धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रतिसाद तुमचा. भावाचं ऐकून वाईट वाटलं. त्या तरुण डॉक्टरचं वाक्य मी लिहून ठेवलंय.

दूरदेशी | ५ मार्च, पहाटे ४:४८

मेंदूच्या बाबतीत तर हे फारच नाजूक. माझ्या नवऱ्याला ग्लायोमा, म्हणजे मेंदूतली गाठ. ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी त्याला एमआरआयला नेलं. मला राग आला होता, माणूस धड शुद्धीवर नाही आणि कसली घाई. मग समजावलं की ७२ तासांच्या आत काढला तरच उरलेली गाठ स्वच्छ कळते. त्यानंतर कापल्याच्या कडाच औषधाने उजळायला लागतात आणि गाठ कुठली, जखम कुठली हे महिनोन्महिने वेगळं काढता येत नाही. म्हणजे गालाला थांबायचं, मेंदूला धावायचं!

पुढे रेडिएशन आणि गोळ्या संपल्यावर महिन्याने गाठ वाढलेली दिसली. डॉक्टरांनी औषध बदललं नाही, दोन महिन्यांनी पुन्हा एमआरआय केला आणि ती आपोआप लहान झालेली. खोटी वाढ म्हणतात त्याला. ते दोन महिने कसे काढले ते विचारू नका.

कृष्णाकाठ | ६ मार्च, रात्री ९:२०

सर्जनकडे जाऊन आलो. आधी बोलणी खाल्ली. "हा स्कॅन मी सांगितला नव्हता. आत्ता काढून मला यातून काय कळणार, तुमची झोप गेली आणि पैसे गेले." दाजी खिडकीबाहेर बघत होते.

मग त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि अण्णांना खुर्चीत बसवलं. तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. मोज्यातलं बोट आत घालून फ्लॅपची कड इंच-इंच चाचपली, दुसऱ्या हाताने हनुवटीखालून दाबलं. दाबल्यावर टाक्याच्या एका कोपऱ्यातून गढूळ थेंब बाहेर आला. तिथे लाल, लुसलुशीत मांस वाढलेलं, हात लागला की रक्त येणारं. डॉक्टर म्हणाले, "हे बघा तुमचं ६.८." टाक्याची एक काळी गाठ चिमट्याने ओढून काढली आणि त्या लाल मांसाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा बाटलीत टाकला. डाव्या गाठीत उद्या सोनोग्राफीखाली बारीक सुई.

मी विचारलं, चार आठवड्यांनी पेट परत काढायचा का? म्हणाले, नाही. रेडिएशन थांबवायचं नाही, ते सहा आठवड्यांच्या आतच. परतीच्या वाटेवर अण्णांनी वहीत लिहून दाखवलं: "मला आधीच कळलं होतं. तुझ्या आईने दोन दिवस माझ्याशी भांडण केलं नाही."

शिसपेटी | ६ मार्च, रात्री ९:४४

वहीतलं वाक्य भारी!

आपल्या देशात पहिलं पेट यंत्र २००२ साली परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आलं. आज सांगली-मिरजेतल्या माणसालाही ही सोय मिळते हे चांगलंच, पण "फुल बॉडी करून टाकू" ही नवी खोडही त्याबरोबरच आली.

कृष्णाकाठ | १२ मार्च, संध्याकाळी ५:१०

दोन्ही रिपोर्ट आले. तुकडा: ग्रॅन्युलेशन टिश्यू, फॉरेन बॉडी जायंट सेल रिॲक्शन, कॅन्सर नाही. काचपट्टी, तुमच्या दोऱ्याभोवतीच्या पेशी! डावी गाठ: रिॲक्टिव्ह, म्हणजे नुसती सुजलेली, रोग नाही. आईने पेढे आणले, अण्णांना पेढा दुधात विरघळवून नळीतून दिला. त्यांना चव काय कळणार, पण त्यांनी मागितला.

१८ पासून रेडिएशन.

निसर्गपुत्र | १२ मार्च, संध्याकाळी ६:००

म्हणजे स्कॅन खोटा होता, हेच मी म्हणत होतो.

काचपट्टी | १२ मार्च, संध्याकाळी ६:२०

स्कॅन खोटा नव्हता. तिथे जखम धुमसत होती आणि त्याने ती अचूक दाखवली. प्रश्न चुकीच्या दिवशी विचारला होता.

ओवी | १२ मार्च, रात्री ८:१५

आनंद झाला! पुढचा पेट कधी?

काचपट्टी | १२ मार्च, रात्री ८:५०

काढायचाच ठरला तर रेडिएशन संपल्यापासून बारा आठवड्यांनी. डोक्या-मानेच्या कॅन्सरवर ब्रिटनमध्ये ५६४ रुग्णांचा मोठा अभ्यास झाला, २०१६ साली छापून आला. ते रुग्ण ऑपरेशनचे नव्हते, केमो-रेडिएशनचे होते, पण घड्याळ तेच. बारा आठवडे थांबून पेट काढला आणि ज्यांच्या मानेत शंका उरली त्यांचंच ऑपरेशन केलं. सरसकट सगळ्यांची मान उघडण्याच्या मानाने जगण्यात फरक पडला नाही आणि बहुतेकांची मान वाचली. घाईने आठव्या आठवड्यात बघितलं असतं तर भाजलेल्या मांसाची धग बघून किती माना उगाच उघडल्या असत्या, विचार करा.

कृष्णाकाठ | २८ जुलै, रात्री १०:३५

धागा वर काढतोय. रेडिएशन २ मेला संपलं. मधे तोंड इतकं सोललं की पाणी नकोसं व्हायचं, ते दिवस लिहीत नाही. आता नळी निघालीय, दुधात कुस्करलेली भाकरी जाते.

२६ तारखेला पेट झाला. या वेळी सर्जनच्या चिठ्ठीने आणि फॉर्म मी भरला: ऑपरेशनची तारीख, फ्लॅप कुठला, मार्चमधल्या दोन्ही तपासण्या, रेडिएशनची शेवटची तारीख. रकान्यात मावेना म्हणून मागच्या बाजूला लिहिलं. जुन्या स्कॅनची सीडीही दिली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, काका, तुम्ही डॉक्टर आहात का? मी काका कधी झालो ते मात्र कळलं नाही.

फ्लॅपची कड शांत. डावी गाठ ५ मिमी, विझलेली. "नो एव्हिडन्स ऑफ मेटाबॉलिकली ॲक्टिव्ह डिसीज." पण शेवटी एक ओळ आहे आणि ती वाचून पोटात पुन्हा गोळा आला: मानेच्या मागे उजव्या बाजूच्या स्नायूत एफडीजी अपटेक, बहुधा फिजिऑलॉजिकल (म्हणजे तिथे साखर ओढली गेलीय, पण बहुधा रोगामुळे नाही). शिसपेटी, हे काय नवीन?

शिसपेटी | २८ जुलै, रात्री १०:५८

अभिनंदन आधी! इंजेक्शननंतर तासभर गप्प बसले होते का? त्या वेळात जो स्नायू काम करतो तो साखर खातो. फोनवर बोलत बसलेल्याचा घसा उजळतो, च्युइंगम चघळणाऱ्याचा जबडा.

कृष्णाकाठ | २८ जुलै, रात्री ११:०४

गप्प होते, घोंगडी पांघरून. एरवीही बोलतात कुठे, वही असते.

काचपट्टी | २९ जुलै, सकाळी ७:३०

उजवा खांदा उतरलाय का? हात डोक्याच्या वर जातो?

कृष्णाकाठ | २९ जुलै, सकाळी ८:१२

उतरलाय. सदरा घालताना आई मदत करते. आम्हाला वाटलं अशक्तपणा.

काचपट्टी | २९ जुलै, सकाळी ८:२०

मानेतल्या गाठी काढताना खांदा उचलणाऱ्या स्नायूची नस ताणली जाते, कधी दुखावते. मग शेजारचा स्नायू दिवसभर त्याच्या वाट्याचं ओझं वाहतो आणि स्कॅनमध्ये तोच उजळतो. सर्जनना ही ओळ दाखवा, खात्री त्यांच्याकडूनच करून घ्या. खांद्याचे व्यायाम सांगितले होते ना डिस्चार्जच्या वेळी? चालू आहेत का?

कृष्णाकाठ | २९ जुलै, सकाळी ८:२६

कागद फाइलमध्ये आहे. भिंतीवर बोटं चढवायची वगैरे चित्रं आहेत त्यात. एकदाही केले नाहीत. अण्णांना आत्ता विचारलं तर वहीत लिहिलं, "भिंतीला रंग देऊन दोनच वर्षं झालीत."